भाजीचं पाणी

भाजी चिरायची, भरपूर पाण्यात बुडवून ठेवायची, ते पाणी ओतून टाकायचं. मग नव्या पाण्यात उकळायची आणि तेही पाणी ओतून टाकायचं. उरलेला चोथा फोडणीला घालायचा आणि त्याला भाजी म्हणायचं. ज्यांच्या घरात किडनीचं दुखणं मुरलंय त्यांना हे पाठ असेल. ज्यांच्या घरात नुकतंच आलंय, त्यांच्या घरची बाई आज हा नियम ऐकून स्वयंपाकघरात नुसती उभी असेल. तिच्यासाठी हे लिहिते आहे. औषधांचं आणि मशीनचं डॉक्टर सांगतील, मी पातेल्यातलं सांगते. मला जगवलं मशीननं, पण जीव जायची वेळ आली ती स्वयंपाकघरातून.

बुट्टी

मी सुनंदा. पन्नाशीला टेकलेय. कोल्हापुरात पेठेत राहते. आमच्या ह्यांचं उद्यमनगरात मोटारी रिवाइंडिंगचं वर्कशॉप आहे आणि मुलगी अश्विनी पतसंस्थेत नोकरी करते. कोल्हापूर म्हटलं की बाहेरच्यांच्या तोंडाला तांबड्या रश्श्याचं पाणी सुटतं. आम्ही लिंगायत, आमच्या चुलीवर मटण कधी चढलंच नाही. आमची सगळी हौस माळव्यावर. माळवं म्हणजे भाजीपाला, आणि तो मंडईतला नाही हं. माझं माहेर बिद्रीच्या बाजूला. धाकटा भाऊ महादेव साखर कारखान्यात पाळीवर जातो आणि शेत बघते ती त्याची बायको, शालन. उसाच्या कडेनं, बांधावर, विहिरीच्या पाटाला, जिथं म्हणून हातभर जागा सापडेल तिथं ती काहीतरी लावते. थंडीत चाकवत, घेवडा, हिरवी वांगी, कोवळा हरभरा, उन्हाळ्यात शेवगा आणि गवार, पावसात दोडका आणि तांदळी.

दर आठवड्याला बुट्टी, म्हणजे टोपली, भरून ती एस.टी.त ठेवायची आणि आमचे हे स्टँडवर जाऊन उतरवून घ्यायचे. बुट्टीचं फडकं सोडलं की सगळ्या घरात ओल्या मातीचा आणि कोथिंबिरीचा वास सुटायचा. मग मी तिला फोन लावायची आणि पहिल्यांदा खोड काढायची. "शालन, घेवडा जून झालता की गं."

"तुमच्या मंडईत मिळतोय का बघा असला, वन्सं," ती म्हणायची. "न्हाय आवडला तर द्या धाडून माघारी."

आमच्या घराची एक रीत सांगायलाच हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमच्याकडं ताटातलं अन्न म्हणजे प्रसाद. जुनी माणसं जेवण झालं की ताटात वाईच पाणी घालायची, बोटानं ताट पुसून घ्यायची आणि ते पाणी पिऊन टाकायची. मी शहरात आल्यावर ते सोडलं. शालन अजून करते. तिच्या ताटावर मुंगीलासुद्धा काही मिळत नाही.

चाकवत निवडून ठेवलाय

सकाळी उठलं की तोंड सुजलेलं असायचं. मला वाटलं झोप जास्त झाली. मग पाय सुजायला लागले, जिना चढताना दम लागायला लागला आणि जेवणावरची वासना गेली. शेवटचं ऐकून अश्विनी घाबरली. म्हणाली, "आई जेवायला नको म्हणतीय म्हणजे कायतरी मोठं असणार."

रिपोर्ट बघायला गेलो त्या दिवशी हे गाडी लावायला जागा शोधत खालीच राहिले होते. डॉक्टरांनी कागद बघितला आणि विचारलं, "बरोबर कोण आहे?"

"हायत की. येतीलच. तुम्ही मला सांगा, अंग माझं हाय."

त्यांनी सांगितलं. सरळ सांगितलं, त्याबद्दल मी आजही त्यांचे उपकार मानते. दोन्ही किडन्यांचं काम जवळपास थांबलंय, बीपीनं आतल्या आत खाल्ल्यात, आणि लवकरात लवकर डायलिसिस सुरू करायला लागणार. हे ऐकताना माझ्या डोक्यात काय चाललं होतं सांगू? घरी चाकवत निवडून ठेवलाय, आता उशीर होणार, तो कोमेजणार. एवढंच. मरणाचा विचार नंतर आला, घरी आल्यावर, तोच चाकवत हातात घेतल्यावर. तेव्हा मी खाली बसले आणि मोठ्यानं रडले.

जिन्यात हे भेटले. म्हटलं, "किडन्या गेल्यात म्हणं."

"कुठं?" हे म्हणाले. बिचाऱ्यांना दुसरं काही सुचलंच नाही.

मग आहारवाल्या मॅडम आल्या. वयानं आमच्या अश्विनीएवढ्या, पुण्याकडच्या. मी "मी खातो, मी करतो" म्हटलं की त्यांना हसू यायचं. आम्हा कोल्हापूरच्या बायकांची बोलीच तशी. त्यांनी समजावून सांगितलं की भाजीत पोटॅशियम असतं, चांगली किडनी ते बाहेर टाकते, माझी टाकत नाही. ते रक्तात साठलं की हृदयाचा ठोका चुकतो. कधी कधी थांबतो. म्हणून चाकवत, पालक, टोमॅटो, बटाटा, शेवगा, नारळपाणी, गूळ, सगळं बंद किंवा पाणी काढून.

"ताजी असली तर?" मी विचारलं. "आमच्या शेतातली असती. औषध न्हाय, काय न्हाय."

"ताजी असो, शिळी असो, मावशी," त्या म्हणाल्या. "पोटॅशियमला शेत कळत नाही."

खुर्ची

डायलिसिसच्या हॉलमध्ये ओळीनं खुर्च्या असतात. प्रत्येकाची खुर्ची ठरलेली, प्रत्येकाची चादर घरून आणलेली. सुई टोचताना मी भिंतीकडं बघायची. पहिले काही दिवस लाल नळ्यांतून आपलंच रक्त फिरताना दिसलं की मी चादर डोळ्यांवर ओढायची. पुढं सवय झाली. सवय होते, हे घाबरलेल्यांनी लक्षात ठेवा. मशीनवरून उतरल्यावर अंगातलं सगळं त्राण गेलेलं असतं आणि घरचं माणूस हात धरायला आलेलं असतं. तेवढ्यासाठी तरी घरच्यांशी भांडण काढू नका, निदान त्या दिवशी.

पाणी मोजून प्यायचं असतं. तहान लई वाईट. एक सिस्टर मला बर्फाचा बारका खडा द्यायची, जिभेखाली ठेवायला. "कुणाला सांगू नका," म्हणायची, आणि सगळ्यांनाच द्यायची.

त्या हॉलमध्ये लोक कशावर बोलतात असं तुम्हाला वाटतं? देवावर? नाही. खाण्यावर. ज्याला जे बंद तो त्याचंच बोलतो. माझ्या शेजारच्या खुर्चीवर पन्हाळ्याचे एक काका असायचे. शाळेतून निवृत्त झालेले, किडकिडीत, आवाज मात्र खणखणीत. ते फणसाची भाजी कशी करायची ते सांगायचे आणि मी त्यांना चाकवताची. बेसन किती, ताक किती आंबट, लसूण कधी. "सुनंदाताई, जरा सावकाश सांगा," म्हणायचे, "अजून बराच वेळ बसायचंय."

गुऱ्हाळं सुरू झाल्यावर एक दिवस काका आले नाहीत. दुसऱ्यांदाही आले नाहीत. खुर्चीवर दुसरंच कुणी बसलं. सिस्टरला विचारलं तर तिनं आधी टाळलं, मग सांगितलं. पाहुण्यांच्या शेतात गेले होते, गुऱ्हाळावर उसाचा रस प्याले, वर गरम गूळ खाल्ला. एवढ्यानं काय होतंय म्हणाले असणार. घरी येईपर्यंत हृदय थांबलं.

त्या दिवशी मशीन चालू असताना मी डोळे मिटून पडले. मला मरायचं नव्हतं. अश्विनीचं लग्न, ह्यांचं कसं होईल, ते सगळं होतंच, पण खरं सांगते, मला माझ्यासाठीच जगायचं होतं.

भोगी

सुया टोचायला शीर मोठी व्हावी म्हणून माझ्या डाव्या हाताचं ऑपरेशन केलं. त्या हातावर दाब द्यायचा नाही, वजन घ्यायचं नाही. म्हणजे भाकरी थापणं बंद. अश्विनी सकाळी कामावर जायची, हे वर्कशॉपला. हे डाळ-भात करायचे, तो एकतर करपायचा नाहीतर पाणीपाणी व्हायचा. शालनला फोनवर कळलं.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी, भोगीला, ती बुट्टी घेऊन स्वतःच आली. पाठीवर कपड्यांची पिशवी. "राहतो आता हितंच," म्हणाली. "हात बरा झाला की जातो."

"आणि म्हस?" मी विचारलं. तिची म्हैस म्हणजे तिचा जीव की प्राण.

"दिली."

"दिलीस म्हणजे?"

"विकली. ह्यांची पाळी असती, धार कोण काढणार? घ्याची म्हटलं तर परत घ्याला येती की म्हस." एवढं बोलून ती बुट्टी सोडायला लागली.

भोगीला आमच्याकडं सगळ्या थंडीची एकत्र भाजी असते. वांगं, घेवडा, गाजर, हरभरा, चाकवताची पानं, वर तीळ. शालननं अश्विनीकडून नियम समजून घेतला. भाजी भिजवली, उकळली, निथळून घेतली. पहिलं पातेलं मोरीत ओतताना तिचा हात थांबलेला मी बघितला. हिरवट, दाट पाणी. ते गेल्यावर ती बराच वेळ मोरीकडं बघत होती.

ताटात आली ती भाजी राखेच्या रंगाची होती. त्यात मीठही नाही. दोन घास खाल्ले आणि माझ्याच्यानं गिळवेना. मी ताट सरकवलं. सणाच्या दिवशी ताट सरकवलं. शालननं ते उचलून आत नेलं.

दुसऱ्या दिवशी तिनं पुढ्यात शाळूच्या ज्वारीची भाकरी ठेवली. एक तुकडा तोंडात घातला आणि मी थबकले. भाकरीला चव होती. किंचित खारट, किंचित आंबूस, हिरवा वास असलेली. किती दिवसांनी जिभेला काहीतरी लागलं. मी अख्खी भाकरी खाल्ली, भाजीबरोबर नाही, नुसतीच.

"आज चव हाय गं," मी म्हटलं. "तुझ्या हातालाच चव हाय, शालन."

तिचा चेहरा उजळला. त्या दिवसापासून माझी भाकरी ती वेगळी करायला लागली. जराशी काळपट दिसायची. मला वाटलं पीठ वेगळं असेल. दोन्ही वेळा मी भाकरीच मागायची. अंगावर वाईच मांस दिसायला लागलं, हे खूश, अश्विनी खूश, आणि शालन तर विचारूच नका.

बोटांचा वास

रक्ताचा रिपोर्ट आला तेव्हा पोटॅशियम वाढलेलं होतं. डॉक्टर म्हणाले, पथ्य सांभाळा. पुढच्या रिपोर्टला आणखी वाढलं. आता ते रागावले. "बाहेरचं काय खाता?" काही नाही म्हटलं. "फळं?" नाही. "टोमॅटो, नारळपाणी?" नाही हो. त्यांनी ह्यांच्याकडं बघितलं आणि ह्यांनी माझ्याकडं.

हे गाडीवर बसले, पण किल्ली फिरवली नाही. मग म्हणाले, "सुनंदा, खरं सांग. मी कुणाला बोलणार न्हाय."

"काय खरं सांगू?"

"तू चोरून खातीस."

माझा आयुष्यभराचा लौकिक माझ्या अंगावर आला. बुट्टी सोडता सोडता कोवळा घेवडा कच्चा खाणारी बाई मी. कोण विश्वास ठेवणार? घरात एक नवीनच कारभार सुरू झाला. अश्विनी कामावरून आली की आधी कचऱ्याचा डबा बघायची. फ्रिजमधले टोमॅटो शेजारी नेऊन ठेवले. आणि एकदा मी पडलेली असताना हे शेजारी बसले, माझा हात हातात घेतला. मला वाटलं मायेनं घेतला. त्यांनी माझी बोटं नाकापाशी नेली आणि वास घेतला, कोथिंबिरीचा येतो का बघायला.

मी हात ओढून घेतला. ह्या दुखण्यात मला सुया टोचल्या, हात कापला, पण त्याएवढं दुसरं काही दुखलं नाही. जगायसाठी मी तहानेनं जीभ चावत होते आणि घरात माझ्यावर चोरटीसारखा पहारा. शालन एकटी म्हणायची, "वन्सं न्हाय खात काय. मी दिवसभर घरात असतो की." आणि मला वाईट वाटू नये म्हणून भाकरी आणखी निगुतीनं करायची.

ते पाणी

एका सकाळी मोरीतून उठताना पायांनी साथच दिली नाही. पाय होते, पण माझे नव्हते. छातीत एक ठोका यायचा, मग बराच वेळ काही नाही, मग दोन एकदम. मला पन्हाळ्याचे काका आठवले. मी शालनला हाक मारली, पण आवाज फुटला नाही. भांडं पडलं म्हणून ती धावत आली.

दवाखान्यात काय काय केलं ते मला तुकड्यातुकड्यानं आठवतं. छातीवर चिकटवलेल्या वायरी, शिरेतून जाणारी इंजेक्शनं, डॉक्टरांचं "मशीन रिकामं करा, यांना आधी घ्या." अश्विनी माझा पाय घट्ट धरून उभी होती, हात धरायला जागाच नव्हती. मी छतावरच्या पंख्याकडं बघत एकच ठरवलं होतं, डोळे मिटायचे नाहीत. मिटले तर उघडतील याची खात्री वाटत नव्हती.

उघडेच राहिले. दुसऱ्या दिवशी वॉर्डात आणलं तेव्हा आहारवाल्या मॅडम आल्या. पलंगाशी हे होते, अश्विनी होती आणि पायथ्याशी डबा घेऊन शालन.

"मॅडम, तुम्हीच विचारा हिला," हे म्हणाले. "आमाला दाद देत न्हाय."

मॅडमनी मला काही विचारलं नाही. शालनला विचारलं. "स्वयंपाक तुम्ही करता ना? भाजी भिजवता?"

"भिजवतो."

"उकळता?"

"उकळतो. पिळून घेतो. एक थेंब ठेवत न्हाय भाजीत."

"आणि ते पाणी?"

"त्यात वन्संच्या भाकरीचं पीठ भिजवतो," शालन म्हणाली. अगदी सहज. आपली चांगली सवय सांगावी तशी. "शाळूच्या पिठाला ऊन पाणी लागतंच की. पहिल्या दिवशी टाकलं मी मोरीत, पर जीवाला लई लागलं. सगळं सत्व त्यातच असतंय. आणि वन्सं जेवल्या बी. म्हणल्या, आज चव हाय."

शेजारच्या पलंगावरच्या बाईंचा रेडिओ तेवढा चालू होता.

"मावशी," मॅडम हळू म्हणाल्या, "त्या पाण्यातच यांचं विष होतं. तेच टाकायला सांगितलं होतं आम्ही."

शालननं डब्याकडं बघितलं. त्या डब्यातही भाकरीच होती. तिनं तो पदराखाली घेतला, भिंतीला टेकली आणि हळूहळू खाली बसली. रडली नाही. फरशीकडं बघत राहिली.

आता खोटं कशाला सांगू, मला आधी राग आला. ज्या बाईनं माझ्यासाठी म्हैस विकली तिचाच राग आला. काल माझं हृदय थांबत होतं आणि ही सत्व सत्व करत होती. मी तोंड भिंतीकडं फिरवलं. ह्यांनी माझा हात धरला, तोच हात, तीच बोटं, आणि बसून राहिले. मला सगळ्यांचाच कंटाळा आला होता.

संध्याकाळी मान वळवली तेव्हा शालन तिथं नव्हती. अश्विनी म्हणाली, "मामी गेल्या. पाणीसुद्धा न पिता गेल्या. पिशवी तेवढी घेतली घरातनं."

हे वाचणाऱ्यांना एवढंच सांगते. पाणी टाका म्हणून सांगून थांबू नका. ते कुठं गेलं ते बघा. आपल्या घरांत टाकायचं म्हटलेलं काहीही सहजासहजी टाकलं जात नाही. कुणी वैरी म्हणून ठेवत नाही, जीव लागतो म्हणून ठेवतात. मला नियम सांगितला होता, शालनला सांगितला होता, पण त्या पाण्यात काय आहे ते तिला कुणी बसून सांगितलं नव्हतं. मीसुद्धा नाही.

तुरे

घरी आले. पोटॅशियम उतरलं. अश्विनी पहाटे उठून स्वयंपाक करायला लागली. पाणी ती माझ्यासमोर मोरीत ओतायची आणि वर नळ सोडायची. भाकरीची चव गेली. मला मनातून सुटल्यासारखं वाटायचं आणि वाईटही वाटायचं.

बुट्टी यायची बंद झाली. फोन केला तर शालन उचलेना. महादेवनं उचलला. "ती बोलत न्हाय कुणाशी," म्हणाला. "माळव्यात जात न्हाय. चाकवत तसाच उभा हाय, तुऱ्याला आलाय सगळा."

तुरे आले म्हणजे चाकवत संपला. तो मग खायच्या कामाचा राहत नाही. शालनच्या हयातीत तिच्या रानात असं कधी झालं नव्हतं. मी फोन ठेवला आणि ह्यांना म्हटलं, मला गावी न्या.

"तिच्याकडं? एवढं होऊन?"

"एवढं झालं म्हणूनच."

मशीनचा दिवस नव्हता त्या दिवशी गेलो. शालन सोप्यात गहू निवडत होती. मला बघून उठली, पाण्याचा तांब्या आणायला वळली आणि मध्येच थांबली. मला पाणी मोजून असतं हे तिला आठवलं. तांब्या हातातच राहिला.

"जेवायला आलोय," मी म्हटलं.

"हॉटेलातनं आणायला सांगतो ह्यांना."

"मला हॉटेलचं चालत न्हाय."

"माझ्या हातचं नको, वन्सं." तिनं तांब्या खाली ठेवला आणि परत गव्हापाशी बसली. "मारत हुतो की मी तुमाला. रोज दोन वक्ताला. आणि तुम्ही मागून घेऊन खात हुतासा."

मी तिच्याजवळ गेले. राग शिल्लक होता का? असेल थोडा. पण तिचे हात बघितले, गव्हात तसेच राहिलेले, आणि मला कळलं की ही बाई आता जन्मभर कुणासाठी हौसेनं भाकरी थापणार नाही. मी मेले असते तर ती मेलीच असती. मी जगले होते आणि तरी ती मरत होती.

"शालन," मी म्हटलं, "तू मला मारत न्हवतीस. पाणी मारत हुतं. ते वततो आपण. चल, पातेलं काढ."

रानात जाऊन मी मागच्या वाफ्यातला उशिरा लावलेला कोवळा घेवडा तोडून आणला. तिनं शिरा काढल्या, चिरला, भिजवला. ते पाणी काढलं, नवं घातलं आणि चुलीवर ठेवलं. उकळलं. निथळून घेतलं. मग ते गरम पाण्याचं पातेलं घेऊन ती मागच्या दारी गेली आणि सवयीनं गोठ्याकडं वळली. गोठ्यात घमेलं उपडं पडलं होतं. ती तिथंच उभी राहिली. पाणी प्यायला तिथं कुणी नव्हतं, आणि ते का नव्हतं ते आम्हा दोघींना माहीत होतं.

मी माझ्या उजव्या हातात पदर धरला आणि पातेल्याची दुसरी कड पकडली. दोघींनी ते तसंच नालीपर्यंत नेलं. तिचा हात वळेना. "सत्व हाय गं त्यात," मीच म्हटलं. "पर माझं न्हाय ते." मग तिनं पातेलं वाकवलं. पाणी वाफाळत गेलं, मातीत मुरलं. ती आता रडायला लागली, मोठ्यानं, एवढ्या दिवसांचं सगळं. मी पातेलं सोडलं नाही.

मग तिनं नळाचं पाणी तापवलं आणि पीठ मळलं. माझ्यासमोर थापली, तव्यावर टाकली, निखाऱ्यावर फुगवली. पांढरीशुभ्र भाकरी. ताटात राखी रंगाचा घेवडा वाढला आणि माझ्यासमोर बसली. स्वतःच्या ताटातही तिनं तेच वाढून घेतलं होतं.

मी घास घेतला. ती माझ्या तोंडाकडं बघत होती.

"चव हाय का, वन्सं?"

"न्हाय," मी म्हटलं. "अर्धी अजून वाढ."